दाबाखालचें पाणी

‘गुडघ्यांतलें वंगण संपलें आहे,’ हें वाक्य आमच्या घरांत शिरलें तें १९९८ सालच्या पावसाळ्यांत. आईला घेऊन मी एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलों होतों. त्यांनीं क्ष-किरणांचें चित्र उजेडासमोर धरलें. मांडीचें हाड आणि नडगीचें हाड यांच्या दरम्यान जी काळी फट दिसावयाची, ती आंतल्या बाजूला जवळजवळ मिटली असल्याचें बोटानें दाखविलें. वरील वाक्य उच्चारलें. आणि पुढच्या रोग्याला आंत बोलाविलें. या सर्व प्रकाराला फार तर चार मिनिटें लागलीं असतील. आईला मात्र तें वाक्य तत्काळ पटलें. शिवणयंत्राला तेल घालावें लागतें, रहाटाच्या कण्याला वंगण लागतें, तसेंच हें; यांत न समजण्यासारखें काय आहे? घरीं आल्यावर तिनें तिळाचें तेल कोमट करून गुडघ्यांना लावण्यास आरंभ केला, आणि पुढें अकरा वर्षें, म्हणजे ती गेली तोंपर्यंत, हा नेम कधीं चुकला नाहीं.

मलाहि तें वाक्य पटलें होतें, हें येथें कबूल केलें पाहिजे. त्यांत अडाणीपणा कांहींच नाहीं. उलट त्याची परंपरा फार जुनी आहे. वंगण घातलेल्या कण्यावर चाक जसें सुखानें फिरतें, तसेच श्लेष्म्यानें माखलेले सांधे सुखानें चालतात, हा दृष्टांत सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत आलेला आहे. इतक्या जुन्या आणि इतक्या सोप्या उपमेवर संशय कोण घेणार? शिवाय, संशय घेण्याचें मला कारणहि नव्हतें. मी व्यवसायानें स्थापत्यशास्त्राचा शिक्षक. त्यांतहि माझा विषय माती. इमारतीखालची जमीन भारानें किती बसेल आणि किती काळानें बसेल, हें विद्यार्थ्यांना शिकविण्यांत माझीं चौतीस वर्षें गेलीं. गुडघा आणि माती यांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल, असें सेवानिवृत्त होईपर्यंत माझ्या स्वप्नांतहि आलें नव्हतें.

तो संबंध दाखवून दिला आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीनें. ती जैववैद्यकीय अभियांत्रिकी नांवाच्या नव्या विद्याशाखेंत पदव्युत्तर अभ्यास करीत होती. एके दिवशीं संध्याकाळीं ती आली आणि दारांतूनच म्हणाली, ‘काका, तुमच्या कॉलेजांत माती दाबायचं यंत्र आहे ना? मला त्यांत बोकडाचा गुडघा दाबायचाय.’ आमचें घर शाकाहारी; आंत स्वयंपाकघरांत भांडें पडल्याचा आवाज झाला. मीं तिला बसावयास सांगितलें. तिच्या हातांत एका निबंधाची छापील प्रत होती. त्यांतील एका पानावर जें समीकरण होतें तें पाहून मीं चष्मा काढून पुसला. अक्षरें निराळीं होतीं, पण समीकरण माझें होतें. म्हणजे, ज्याच्या जिवावर मी चौतीस वर्षें जेवलों तेंच तें होतें.

तें समीकरण टेर्झागीचें. कार्ल टेर्झागी हा १८८३ सालीं प्राग येथें जन्मलेला स्थापत्यशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या धामधुमींत कॉन्स्टँटिनोपल येथें जाऊन पोहोंचला, आणि तेथें शिकवीत असतां जुजबी साहित्यावर मातीचे प्रयोग करूं लागला. ओल्या चिकणमातीवर भार ठेवला तर ती एकदम कां बसत नाहीं, आणि पुढें वर्षानुवर्षें कां बसत राहते, हा त्याचा प्रश्न होता. पिसाचा कललेला मनोरा आणि खचत चाललेलें मेक्सिको शहर हीं या प्रश्नाचीं जगप्रसिद्ध उदाहरणें. टेर्झागीनें दिलेलें उत्तर असें: भार ठेवल्याबरोबर तो मातीच्या कणांवर येतच नाहीं, कणांच्या फटींत कोंडलेल्या पाण्यावर येतो. पाणी कांहीं दबत नाहीं. तें निसटूं पाहतें. परंतु चिकणमातींतल्या फटी इतक्या सूक्ष्म असतात कीं त्याला वाट मिळावयास वेळ लागतो. जसजसें पाणी बाहेर जातें तसतसा त्यानें उचललेला भार थोडाथोडा कणांच्या खांद्यावर उतरतो, आणि तेवढी माती बसते. १९२३ सालीं त्यानें हें गणितांत मांडलें. १९२५ सालीं व्हिएन्ना येथें त्याचा ग्रंथ निघाला. आणि आमच्या विषयाला शास्त्र म्हणवून घेण्याचा अधिकार मिळाला. (‘बसणें’ हें क्रियापद मराठींत किती उपयोगी आहे पहा. जमीन बसते, घडी बसते, आवाज बसतो, आणि जिना चढतां चढतां माणूसहि बसतें.)

या समीकरणाला कूर्चेपर्यंत पोहोंचावयास अर्धें शतक लागलें. कूर्चा म्हणजे सांध्यांतील हाडांच्या टोकांवर बसलेला पांढरा, गुळगुळीत, निळसर झांक असलेला थर. खाटकाकडील मंडळी जिला मऊ हाड म्हणतात त्याच जातीची वस्तु. मनुष्याच्या गुडघ्यांत तिची जाडी बहुधा दोन ते चार मिलिमीटर. क्ष-किरणांच्या चित्रांत ती दिसत नाहीं. डॉक्टरांनीं आम्हांस दाखविलेली ती काळी ‘फट’ रिकामी नव्हतीच, तेथेंच कूर्चा असते, आणि फट मिटली म्हणजे कूर्चा गेली असा अर्थ. कूर्चेच्या शंभर ग्रॅमांत ६५ ते ८० ग्रॅम नुसतें पाणी असतें. उरलेल्यांत मुख्य भाग कोलॅजन नांवाच्या चिवट तंतूंच्या जाळ्याचा, आणि त्या जाळ्यांत अडकून पडलेल्या प्रोटिओग्लायकन नांवाच्या प्रचंड रेणूंचा. या रेणूंवर सर्वत्र ऋण विद्युद्भार असतो. त्यामुळें ते परस्परांना दूर लोटतात आणि पाणी ओढून घेतात. घट्ट विणलेल्या पिशवींत साबुदाणा भरून ती पाण्यांत भिजत टाकावी, म्हणजे साबुदाणा फुगूं पाहतो आणि पिशवी त्याला फुगूं देत नाहीं, अशी कांहींशी ही रचना आहे. या ओढीचें मोजमाप करण्याचें महत्त्वाचें काम ॲलिस मारूदास या विदुषीनें प्रथम लंडनमध्यें व पुढें हैफा येथें केलें. कूर्चेंत पेशी असतात, पण फार विरळ. रक्तवाहिन्या नसतात, आणि मज्जातंतूहि नसतात. अर्थात् जिच्या झिजेमुळें माणूस विव्हळतो त्या कूर्चेला स्वतःला कांहींच दुखत नाहीं. दुखतें तें तिच्या खालच्या हाडाला आणि सांध्याच्या अस्तराला. एकदां नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाहीं, हें विल्यम हंटर यानें १७४३ सालींच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें सांगून ठेवलें आहे, आणि त्या विधानाला बाध आणण्याची खटपट अद्याप चालू आहे.

१९५९ सालीं केंब्रिज येथें चार्ल्स मॅककचेन यानें असा विचार मांडला कीं सांध्याचें वंगण हें कण्याला बाहेरून लावलेल्या तेलासारखें नाहीं; भार पडल्यावर कूर्चाच पाझरते, आणि भार मुख्यतः तिच्यांतील कोंडलेलें पाणी उचलतें. पुढें १९८० सालीं अमेरिकेंत व्हॅन मौ आणि त्याचे सहकारी यांनीं कूर्चा म्हणजे घन व द्रव अशा दोन द्रव्यांचें मिश्रण मानून संपूर्ण सिद्धांत रचला. माझ्या पुढ्यांत पडलेलें समीकरण त्या घराण्यांतलें होतें.

येथें वाचकांनीं दोन आंकडे ध्यानांत घ्यावे, कारण त्यांच्या विसंगतींतच सर्व गंमत सांठविलेली आहे. माणसाच्या मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरील कूर्चा, तिच्यांतील पाण्याला निघून जाण्यास पुरेसा वेळ देऊन दाबली, तर तिच्या दृढतेचा गुणांक साधारण ०.७ मेगापास्कल भरतो. एक मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटिमीटरवर सुमारें दहा किलोग्रॅमांचा दाब. काँक्रीटचा असाच गुणांक पंचवीस-तीस हजार असतो. तेव्हां कूर्चा किती मऊ तें उघड आहे. आतां दुसरा आंकडा. अमेरिकेंत एका वृद्ध स्त्रीच्या खुब्यांत बसविलेल्या धातूच्या गोळ्यांत दाब मोजणारीं साधनें ठेवलीं होतीं, आणि तीं देत असलेले आंकडे बिनतारी यंत्रणेनें टिपले जात. ती खुर्चींतून उठतांना सांध्यांत एका ठिकाणीं १८ मेगापास्कल दाब आढळला. ही हकीकत १९८६ सालीं प्रसिद्ध झाली. खुब्याचा सांधा निराळा आणि गुडघ्याचा निराळा, हें खरें; तरीहि ज्या द्रव्याची दृढता एक मेगापास्कलहि नाहीं त्यावर अठरा मेगापास्कल कोसळावे, आणि दिवसांतून कितीदां तरी कोसळावे, म्हणजे काय? नुसता घन पदार्थ असता तर त्याचा चेंदामेंदा झाला असता. तो होत नाहीं, कारण पहिल्या क्षणीं नव्वद टक्क्यांहून अधिक भार पाणी उचलतें. आणि पाणी तेथें टिकून राहतें याचें कारण, कूर्चेंतून तें जवळजवळ वाहूंच शकत नाहीं. तळ्याच्या किंवा कचऱ्याच्या खड्ड्याच्या तळाशीं गळती थांबविण्यासाठीं आम्ही जी चिकणमाती अंथरतों, तिच्याहूनहि कूर्चा सुमारें शंभर पट अभेद्य आहे. हा हिशेब मीं त्या संध्याकाळीं दोन वेळां करून पाहिला. पहिल्या वेळीं माझा विश्वास बसला नाहीं.

यंत्र अर्थात् जसेंच्या तसें चालण्यासारखें नव्हतें. मातीच्या परीक्षेंत आम्ही साठ मिलिमीटर व्यासाची आणि वीस मिलिमीटर जाडीची चकती पितळेच्या कड्यांत बसवितों, तिच्या वर व खालीं सच्छिद्र दगड ठेवतों, आणि भार घालून काटा पहात बसतों. कडें अशासाठीं कीं मातीनें आडवें पसरूं नये. दगड अशासाठीं कीं पाण्याला वाट मिळावी. कूर्चेलाहि हेंच करावयाचें, पण चकती चार मिलिमीटर व्यासाची. लेथवाल्यानें पोलादाच्या ठोकळ्यांत तेवढें भोंक पाडून दिलें. त्यांत सैल न बसणारी आणि अडकून न राहणारी दांडी त्यानें तीन वेळां बिघडवून चौथ्या वेळीं जमविली. दगडाच्या जागीं सच्छिद्र काशाची टिकली घातली. गुडघा तिनेंच आणला, ताजा, मिठाच्या पाण्यांत ओल्या फडक्यानें गुंडाळलेला. लिटरला नऊ ग्रॅम मीठ, तेंहि तोलून. गोडें पाणी चालत नाहीं. त्यांत कूर्चा अधिक फुगते आणि तिचे गुणधर्म पालटतात. पहिली चकती आम्ही बोलतां बोलतां उघड्यावर ठेवली, तेवढ्यांत ती पापडासारखी वळली. दुसरी कापतांना तिरपी झाली. तिसरी जमली, जाडी १.४ मिलिमीटर.

चकतीचें क्षेत्रफळ सुमारें साडेबारा चौरस मिलिमीटर, तिच्यावर ०.१ मेगापास्कल दाब यावयास १२८ ग्रॅम भार पुरतो. एका डबींत मीं तेवढी वाळू तोलून भरली. (वाळूशिवाय मला करमत नाहीं.) भार ठेवला, डायल गेज लावला, आणि जे आंकडे निघाले ते इतके विचित्र कीं आम्ही दोघेंहि गप्प झालों. कारण शोधतां शोधतां दोन दिवस गेले. अखेर मीं तो गेज स्वयंपाकघरांतल्या तराजूवर उलटा दाबून पाहिला. गेजच्या दांड्याला खालीं रेटणारी जी बारीक स्प्रिंग असते, तिचाच रेटा ८० ग्रॅम भरला! मातीच्या परीक्षेंत किलोग्रॅमांचे भार असतात. तेथें ही स्प्रिंग कोणाच्या खिजगणतींतहि नसते. येथें मोजणाराच मोजल्या जाणाऱ्या वस्तूला भाराच्या निम्म्याहून अधिक जोरानें दाबीत होता, आणि मी चौतीस वर्षें त्या उपकरणाला तटस्थ समजत होतों. गेज माझ्या स्वतःच्या मालकीचा होता; स्प्रिंग काढून टाकली. दांड्याचें थोडेंसें वजन आरंभापासूनच चकतीवर राहूं दिलें, काटा शून्यावर आणला, आणि मगच वाळूची डबी वर ठेवली.

आतां मी खऱ्या चुकीकडे येतों. भार घातल्यावर किती वेळ थांबावयाचें? माझें गणित तयार होतें. चिकणमातीच्या चकतीला आम्ही चोवीस तास देतों. पाण्याला जावें लागणारें अंतर निम्मं झालें तर वेळ चौथाईवर येतो, म्हणजे वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. कूर्चेची चकती पातळ. तेव्हां हिशेबानें तिला सात मिनिटें पुरेशीं होतीं. मीं उदार होऊन पंधरा दिलीं. पंधराव्या मिनिटाला काटा पंधराव्या भागावर होता. एक भाग म्हणजे मिलिमीटराचा शंभरावा हिस्सा. मीं वहींत गुणांक मांडला: ०.९३ मेगापास्कल. बोकड मनुष्याहून बळकट निघाला, अशी टीपहि मनांत तयार झाली. मी भार काढावयास हात पुढें केला.

ती म्हणाली, ‘काका, थांबा जरा. काटा अजून चालतोय.’

‘कुठं चालतोय?’

‘बघत राहिलं की दिसत नाही. दुसरीकडे बघून मग बघा.’

काटा मिनिटाला अर्धा भाग सरकत होता. एवढी मंद गति डोळ्याला गति म्हणून कळत नाहीं. आम्ही खुर्च्या ओढून बसलों. तेवढ्यांत माझी चूक माझ्या लक्षांत आली आणि मला त्या मुलीसमोर फार ओशाळल्यासारखें झालें. मातीच्या चकतीला वर व खालीं दोन्हीकडे सच्छिद्र दगड असतात. आमच्या ठोकळ्याचा तळ बंद होता. पाण्याला एकाच बाजूनें वाट होती. म्हणजे अंतर दुप्पट आणि वेळ चौपट. त्यांत कूर्चेची अभेद्यता मातीहून अधिक, ती मीं हिशेबांत धरलीच नव्हती. हा प्रश्न मीं स्वतः परीक्षेंत कितीदां घातला असेल! त्यांत चुकलेल्यांचे गुणहि कापले होते. पावणेदोन तासांनीं काटा तेविसाव्या भागावर स्थिरावला. गुणांक ०.६१. पहिल्या आंकड्यांतला तिसरा हिस्सा कूर्चेच्या बळाचा नव्हता. माझ्या घाईचा होता.

या विषयावरील ग्रंथांत हें सर्व शांतपणें सांगितलेलें आहे. दोन ते चार मिलिमीटर जाडीची माणसाची किंवा गाईची कूर्चा भाराखालीं स्थिरावयास चार ते सोळा तास घेते. सशाची पातळ कूर्चा तासाभरांत स्थिरावते. तेव्हां कूर्चा किती कठीण आहे, या प्रश्नाला एक उत्तर नाहीं. झटक्यानें विचाराल तर पाणी उत्तर देतें, आणि तें उत्तर फार करारी असतें. रोगट कूर्चेंत नेमकें हेंच उत्तर आधीं बिघडतें. तिच्यांतील प्रोटिओग्लायकन कमी होतात, तंतूंचें जाळें सैलावतें, पाण्याचें प्रमाण उलट वाढतें, पण त्याला निसटावयास वाटा मोकळ्या होतात. भार घेणारें पाणी भार घेण्यापूर्वींच निघून जाऊं लागतें. क्ष-किरणांच्या चित्रांतील फट मिटण्याच्या कितीतरी अगोदर हें घडून गेलेलें असतें. ‘वंगण संपलें’ हें वाक्य त्या दृष्टीनें उलटेंच म्हणावें लागेल. फिनलंडमधील कुओपिओ येथील संशोधकांनीं १९९५ च्या सुमारास, शस्त्रवैद्याला दुर्बिणीवाटे सांध्यांत घालून कूर्चा क्षणभर दाबून पाहतां यावी, असें एक हातांतलें साधन तयार केलें. तें विचारतें तो प्रश्न क्षणाचा, आणि त्याला मिळतें तें उत्तर बव्हंशीं पाण्याचें. त्याचा उपयोग आहेच. फक्त तो आंकडा आणि आमचा आंकडा एका रकान्यांत लिहितां यावयाचा नाहीं.

त्या पावणेदोन तासांत मला आईची आठवण झाली, हें सांगितल्यावांचून हा लेख पुरा व्हावयाचा नाहीं. आमचें बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर होतें आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. ती जागा मीं निवडली होती. वारा चांगला येतो म्हणून. बाजारांतून येतांना आई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसे आणि म्हणे, ‘तूं हो पुढें, मी येते.’ मी पुढें होई, कुलूप काढी, पिशव्या आंत ठेवी, पुन्हा बाहेर येऊन कठड्यावरून खालीं पाही. ती तेथेंच असे. घरांतहि खालीं बसलेली उठतांना ती जमिनीला एक हात टेकून तशीच क्षणभर थांबे. मी म्हणे, ‘एकदम ऊठ, म्हणजे त्रास होत नाहीं.’ त्यावर ती म्हणे, ‘थांब रे जरा. गुडघ्यांना कळूं दे मी उठणार आहें तें.’ हा मला तिचा विनोद वाटे. सांध्याच्या दुखण्यांत बसून उठल्यावर पहिलीं कांहीं पावलें जड जातात आणि मग सुटतात, हें तज्ज्ञ सांगतात. त्याचें कारण मी मोजलेल्या पाण्यांतच आहे असा दावा मी करणार नाहीं. तो शास्त्राला धरून होणार नाहीं. मला एवढेंच आठवत होतें कीं, जमीन बसावयास किती वेळ लागतो हें ज्याला तोंडपाठ होतें तो माणूस कठड्यावर उभा राहून किल्ल्या वाजवीत असे. तो आवाज खालीं ऐकूं जात असला पाहिजे. कारण मग ती उठे.

जागा बदलण्याचें आम्हीं एकदां ठरविलें होतें. तें राहून गेलें.

मुलीला मीं यांतलें कांहीं सांगितलें नाहीं. ती मला जिवंत गुडघ्यांविषयीं सांगत होती. चुंबकीय प्रतिमांच्या साह्यानें आतां माणसाच्या गुडघ्यांतली कूर्चा न कापतां मोजतां येते. जर्मनींतील संशोधकांनीं निरोगी मंडळींकडून पन्नास बैठका काढून घेतल्या (आमच्या तालमींतील बैठकाच त्या) आणि आधीं व नंतर गुडघ्याच्या वाटीमागची कूर्चा मोजली. ती कांहीं टक्क्यांनीं घटली होती. बैठका कांहीं मिनिटांत उरकल्या. पण गेलेलें पाणी परत येऊन कूर्चा पूर्ववत् व्हावयास दीड तासाहून अधिक वेळ लागला. ‘म्हणजे जायला सोपं आणि यायला अवघड,’ ती म्हणाली. मीं म्हटलें, मातीचें याहून वाईट आहे. बसलेली चिकणमाती भार काढल्यावर थोडीशीच वर येते, बाकीची बसली ती बसलीच. तिला तें नवीन होतें. कूर्चेचा या बाबतींतला मोठेपणा माझ्याहि तेव्हांच ध्यानांत आला. विरहित भार झाल्यावर ती पाणी पुन्हा स्वतःच ओढून घेते, कारण ते फुगूं पाहणारे रेणू तिच्यांत अद्याप बसलेले असतात. जोंवर असतात तोंवर.

तेव्हां परतीचा प्रवासहि पाहूं असें ठरलें. रात्रीं आठ वाजतां मीं वाळूची डबी उचलली. काटा तत्काळ दोन भाग मागें आला आणि मग पुन्हा तसाच, न दिसेल असा, चालूं लागला. ठोकळ्याभोंवतीं मिठाचें पाणी भरलें, वर कांचेचें भांडें पालथें घातलें, दिवा मालवला, आणि पहारेकऱ्याला हात न लावण्याविषयीं दोनदां बजावलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी जरा लवकरच गेलों. ती माझ्याहि आधीं येऊन पायरीवर बसली होती. प्रयोगशाळेचें कुलूप उघडावयास अवकाश होता. मीहि तिच्याशेजारीं बसलों. आतां माझ्या उजव्या गुडघ्याला खालीं बसणें फारसें मानवत नाहीं. दार उघडल्यावर तिनें पुढें जाऊन भांडें उचललें आणि वांकून पाहिलें. काटा दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या मध्यें होता.

‘शून्य नाहीं,’ मी म्हणालों.

‘अजून चालतोय,’ ती म्हणाली, आणि तिनें वहींत आंकडा लिहून त्याच्यापुढें वेळ लिहिली: ७ वाजून ४० मिनिटें.